श्रावणात दारू तोडणाऱ्यांच्या घरच्यांसाठी: पहिले चार दिवस सांभाळा

सिस्टर_मंगळवारपेठ

पुढच्या आठवड्यात गटारी. आपल्या कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाला, पन्हाळ्याच्या रस्त्याला, शेतातल्या खोपीत, जागा मिळेल तिथं मटणाच्या हंड्या चढणार आणि बाटल्या उघडणार. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. वर्षभर रोज पिणारा माणूस त्या दिवसापासून बाटलीला हात लावत नाही. बायको देवापुढं साखर ठेवते, आई म्हणते पोराला सद्बुद्धी झाली. माझी नोकरी मेडिसिन वॉर्डात झाली. श्रावण लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉर्डात कोण येतं ते मी पाहिलंय, म्हणून हा धागा आधीच काढतेय.

सणावाराला, लग्नकार्यात घेणाऱ्यानं खुशाल श्रावण पाळावा आणि पुढंही पाळावा. मी बोलतेय ते रोज पिणाऱ्याबद्दल. त्याला ओळखायचं कसं? सकाळी हात थरथरतात, बशीतला चहा हिंदकळतो, दात घासताना कोरड्या उलट्या येतात आणि थोडी पोटात गेली की सगळं शांत होतं. अशा माणसाची दारू एकदम तुटली की पहिल्याच दिवशी घाम, धडधड, थरथर सुरू होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी आलेली नसली तरी. आणि दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत केव्हाही भ्रम होऊ शकतो. ताप चढतो, बडबड सुरू होते, भिंतीवर किडे-साप दिसतात, घरचं माणूस ओळखू येत नाही. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं 'डीटी' म्हणायचो. वेळेत उपचार नाही मिळाले तर यात माणूस दगावतो.

घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी झालंय. लिंबू उतरवतात, अंगारा लावतात, कुणी खोलीत कोंडून घालतं. त्यात दिवस जातो, आणि माणूस दवाखान्यात येतो तेव्हा अंग भाजत असतं आणि जीभ लाकडासारखी झालेली असते.

रोज पिणाऱ्यानं दारू सोडायचीच आहे. पण डॉक्टरला दाखवून, औषधं चालू करून सोडायची. श्रावण लागायच्या आधी जाऊन या. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि जायचं.

कळंब्याचा_दत्ता

सिस्टर, राग मानू नका, पण असं लिहिलं की पिणाऱ्याला आयतं निमित्त मिळतंय. आमचा चुलता दर श्रावणात महिनाभर बंद ठेवतोय, कधी काय झालं न्हाई. आता त्याला हे वाचून दाखवलं तर म्हणणार, बघ, सिस्टरच सांगाल्यात पीत रहा म्हणून.

सिस्टर_मंगळवारपेठ

दत्ताभाऊ, राग कशाचा. पण 'पीत रहा' असं वरती कुठंच नाही. चुलत्यांना आजवर काही झालं नाही हे चांगलंच आहे. सगळ्यांना होतही नाही, बहुतेकांचं थरथरण्यावर निभावतं. पण दरसाल तोडायची आणि परत धरायची असं चालू राहिलं की पुढच्या तोडण्याला त्रास वाढत जाण्याची शक्यता असते. गेल्या साली नुसता घाम आला, यंदा फिट येईल, असंही होतं. वय वाढलेलं असतं, लिव्हर थकलेलं असतं, जेवण कमी झालेलं असतं. म्हणून 'मागच्या वेळी काय झालं नाही' हा हिशेब धरू नका. त्यांना एकदा सकाळी चहा घेताना बघा. हात स्थिर असला तर काळजी कमी.

सूनबाई_गडहिंग्लज

सिस्टर म्हणतात ते आमच्या घरात झालंय.

माझे मालक ट्रॅक्टरवर. हंगामात कारखान्याला ऊस ओढायचा, रात्र-रात्र नंबरला थांबायचं, तिथंच सवय लागली. सासूबाईंनी शपथ घातली म्हणून गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. पहिली रात्र येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या रात्री अंथरुणावर उठून बसले आणि दोन्ही हात पुढं धरून स्टिअरिंग फिरवायला लागले. पायानं क्लच दाबल्यासारखं करायचे. मध्येच मला म्हणायचे, "मागची ट्रॉली बघ, कलंडतीया." गोधडीवरनं काहीतरी वेचायचे आणि बाजूला टाकायचे. मी विचारलं काय वेचताय, तर म्हणे मुंग्या. अंग तापलेलं. मला ओळखत होते असं वाटत नव्हतं, वहिनी म्हणून हाक मारत होते.

सासूबाई म्हणाल्या, नंबरला रात्री-अपरात्री थांबतो, कायतरी लागलं असणार. देवऋषाला बोलवायला माणूस गेला. तेवढ्यात शेजारची आशाताई आली, तिनं विचारलं दारू कधी बंद केली, आणि हात धरून गाडीत घालायला लावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पण पहिला तोच प्रश्न विचारला. काही दिवस आयसीयूत होते. शुद्धीवर आल्यावर त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

माळ अजून गळ्यात आहे, दारूही बंद आहे. देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही, माळ घातली म्हणून तर सोडायची बुद्धी झाली. पण माळ आणि डॉक्टर दोन्ही पाहिजेत.

फिजिशियन_शाहूपुरी

सूनबाईंनी लिहिलेलं वर्णन अगदी नेमकं आहे. भ्रमात माणूस स्वतःचं रोजचं काम करत राहतो. सुतार रंधा मारतो, शिंपी टाके घालतो, ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर चालवतो. घरच्यांनी हे पाहिलं की वेड लागलं किंवा झपाटलं असं समजू नये.

असं का होतं ते सांगतो. दारू मेंदूवर ब्रेकसारखं काम करते. रोज ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू जोर लावून ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. एका दिवसात ब्रेक काढून घेतला की वाढवलेला ॲक्सिलरेटर तसाच राहतो, आणि थरथर, घाम, वाढलेलं बीपी, फिट, भ्रम हे सगळं त्यातून येतं. उपचारात आम्ही काही दिवस दुसऱ्या औषधाचा ब्रेक देतो आणि तो हळूहळू कमी करतो. ती झोपेच्या गोळ्यांच्या जातीतली औषधं असतात. मित्रानं सांगितली म्हणून ती मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. लिव्हर कसं आहे त्यावर औषध आणि डोस बदलतो, आणि वर दारू घेतली तर श्वास बंद पडू शकतो.

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायामिन. रोज पिणारा माणूस जेवत नाही, त्याच्या अंगात हे फार कमी असतं. गावाकडं 'अशक्तपणा आलाय' म्हणून घरीच ग्लुकोजचं सलाईन लावतात. बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो: डोळे तिरळे होतात, चाल झिंगल्यासारखी होते, माणूस गोंधळतो. ती इजा वेळेत ओळखली नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तेव्हा सलाईन लावणाऱ्याला 'हा रोज पितो' हे आधी सांगा. लाज वाटून लपवतात आणि तिथंच घात होतो.

स्नेहल_राजारामपुरी

सर, एक विचारायचं होतं. फेसबुकवर आणि एसटीच्या मागं सुद्धा जाहिराती असतात: 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा', भाजीत किंवा चहात पावडर मिसळायची. माझ्या मावशीनं मागवलीय. ती म्हणते आयुर्वेदिक आहे, अपाय नाही.

मेडिकलवाला_लक्ष्मीपुरी

स्नेहलताई, मावशींना आज फोन करा आणि ती पावडर बाजूला ठेवायला सांगा. पुडीवर काहीही छापलेलं असो, आत काय आहे ते कळायला मार्ग नाही.

डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसानं दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, जोरात उलट्या होतात, छातीत धडधडतं, बीपी घसरतं, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. म्हणून ते रुग्णाच्या संमतीनं, सगळं समजावून, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार, आणि उलटी होऊन रस्त्यात पडला तर बघणारे म्हणणार जास्त झाली वाटतं. कुणी उचलायचं पण नाही. हार्टचा पेशंट असेल तर विचारूच नका.

काउंटरवर आया-बहिणी रडत येतात, 'कायतरी द्या दादा' म्हणतात. त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो. पण चोरून द्यायचं औषध मी देणार नाही.

शिवाजीपेठ_११

विषय दारूचा चाललाय, पण डॉक्टरांना एक विचारतो. आमच्या भागात जिमला जाणारी पोरं इंजेक्शन घ्यालेत. 'टर्मिन' म्हणतात त्याला. दम लागत न्हाई, वेट जास्त उचलतंय, कुस्तीला पण जोर येतो म्हणतात. दोन-तीन जण एकच सुई वापरतात. माझा दोस्त आधी फक्त व्यायामाच्या आधी घ्यायचा, आता व्यायाम बंद आणि इंजेक्शन चालू. रात्री झोपत न्हाई, सारखं म्हणतोय पोलीस पाळतीवर हायत. ह्याला घरात कुणाला सांगावं कळंना.

फिजिशियन_शाहूपुरी

घरात सांगा, उद्याच. ते मेफेंटरमिन आहे. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर बीपी खाली आलं तर ते वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात. चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. त्यानं ताकद वाढत नाही, थकवा कळायचा बंद होतो. हृदय दमलेलं असतं आणि पोराला ते समजत नाही. बीपी भडकतं, ठोके बिघडतात, तरुण वयात झटका येऊ शकतो. पुढं सवय लागते, झोप जाते, आणि तुम्ही लिहिलंय तसा संशय सुरू होतो. तो संशय हा आजार आहे, समजूत घालून जाणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ लागेल. एकच सुई वापरणाऱ्या सगळ्यांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या करून घ्या.

ज्या शहरानं कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, जिथं गंगावेश आणि मोतीबाग तालमीच्या लाल मातीत पोरं घडली, तिथं अंगात जोर यावा म्हणून शिरेत सुई घ्यावी, याचं मला फार वाईट वाटतं. वस्तादांनी यावर बोललं पाहिजे. डॉक्टरपेक्षा पोरं वस्तादाचं ऐकतात.

आजरेकर

आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशेची पावडर? ते मुंबई-पुण्याचं म्हणून आपण सोडून देतो. २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबई पोलिसांनी आपल्याच चंदगड तालुक्यात, ढोलगरवाडीत एमडी बनवायचा कारखाना पकडला. आपल्या आजरा-चंदगडच्या डोंगरात! मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी कॉलेजच्या पोरांना वाटतं ही पार्टीची पावडर. आई-बापाला कळतं तेव्हा पहिली भीती पोलिसांची असते. पोराला दवाखान्यात नेलं तर केस होईल म्हणून घरात कोंडतात.

वकील_कसबाबावडा

या भीतीपोटी उपचार थांबवू नका. एनडीपीएस कायदा १९८५, कलम ६४अ बघा. व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचाराला आली तर सेवनाबद्दल आणि अल्प प्रमाण जवळ बाळगल्याबद्दल खटल्यापासून तिला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. विकणाऱ्याला यात कसलीही सूट नाही.

केंद्र निवडतानाही डोळे उघडे ठेवा. व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण करणारी, साखळीला बांधणारी ठिकाणं आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणं साखळीनं बांधायला मनाई आहे. केंद्राची नोंदणी मागा, डॉक्टर रोज येतो का विचारा, भेटायला कधी देतात ते विचारा. 'महिनाभर तोंड बघायचं नाही' म्हणणाऱ्याकडं माणूस ठेवू नका.

आडवी_बाटली_कागल

सगळं वाचलं. डॉक्टर, औषध, कायदा ठीक आहे. पण गावात दुकान आहे तोवर हे संपणार नाही. आम्ही बायकांनी अर्ज दिला, दुकान बंद करायला मतदान मागितलं. चिठ्ठीवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं, तेव्हा दुकान बंद होतं. आमच्यातल्या कितीजणींना नवऱ्यानं त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नाही. दुकान बंद झालं तर निदान शाळेतली पोरं तरी त्या वाटेनं जाताना बघणार नाहीत.

कळंब्याचा_दत्ता

ताई, मतदान करा, आमचा पाठिंबा हाय. पण एका गावात बंद झालं की शेजारच्या गावातनं पिशवीत येतंय. गोव्याची तर येतीयाच. वर्ध्यात १९७५ पासून बंदी हाय, तिथं मिळत न्हाई असं कुणी म्हणंल काय? चंद्रपुरात २०१५ ला केली, २०२१ ला उठवली.

आडवी_बाटली_कागल

दत्ताभाऊ, चोरून मिळणं आणि शाळेसमोर पाटी लावून मिळणं यात फरक आहे. दुकान लांब गेलं की रोजची क्वार्टर आठवड्यावर येते, काहीजणांची तरी. घरात तेवढं पीठ जास्त येतं. हे आम्ही बघितलंय.

सिस्टर_मंगळवारपेठ

दोघंही बरोबर बोलताय, भांडू नका. फक्त एक लक्षात ठेवा ताई: दुकान ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी गावातल्या रोज पिणाऱ्या सगळ्यांची दारू एकदम तुटणार. तेव्हा मतदानाच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून ठेवा.

आणि उपचार मिळणं किती दुर्मीळ आहे ते बघा. एम्सच्या केंद्रानं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ ला आला. देशात दारूमुळं मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. बाकीचे ३७ शपथेवर, माळेवर आणि पावडरीवर.

उजळाईवाडीकर

आम्ही फक्त बिअर पितो, ती पण शनिवारी. त्यात एवढं काय?

मेडिकलवाला_लक्ष्मीपुरी

हिशेब करून बघा. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलिची बाटली: शुद्ध अल्कोहोल साधारण ४१ ग्रॅम. व्हिस्कीचा ३० मिलिचा पेग, ४२.८ टक्के: साधारण १० ग्रॅम. म्हणजे एक बाटली बिअर म्हणजे चार पेग. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टर संपवून वर आणखी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. आणि आपल्या राज्यात बिअरला वय २१ लागतं, व्हिस्कीसारख्या कडक दारूला २५. शनिवारी तुमच्या टेबलावर बसणाऱ्या पोरांची वयं विचारा.

एका_दिवसापुरता

मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा सदस्य. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांना सांभाळायला सुरुवात केली, त्यातून हे उभं राहिलं. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, आणि खरं तर घरच्यांनी आधी तिथं जावं, पिणारा यायला तयार नसला तरी.

मला श्रावणाच्या शेवटाबद्दल लिहायचंय. महिनाभर बंद ठेवणारा माणूस रोज कॅलेंडर बघत असतो. श्रावण सुटला की मित्र म्हणतात, "आता तुझा हक्क हाय." महिनाभरात शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते आणि माणूस पहिल्याच रात्री जुन्या मापानं पितो. तेव्हा घरच्यांनो, श्रावणातच पुढचं ठरवा. माणूस शुद्धीत असतो, स्वतःबद्दल थोडा अभिमान वाटत असतो. वर्षभरात त्याच्याशी नीट बोलता येईल असे हेच दिवस. जुनं उकरून काढू नका. "चल, एक मीटिंग बघून येऊ" एवढंच म्हणा. ज्यांना राहून उपचार घ्यायचेत त्यांच्यासाठी पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. आपल्याकडनं कितीतरी लोक तिथं जाऊन आलेत.

फोन करून बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट.

माहेरवाशीण_इचलकरंजी

धागा वर काढतेय, माफ करा. श्रावण लागला. माझा भाऊ मागावर काम करतो, रोज पिणारा. काल सकाळपासून बंद केलीय. आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. घामानं बनियन भिजलंय, हात थरथरतात, पाण्याचा तांब्या धरता येत नाही. दुपारपासून दोनदा उलटी. काही दिसत वगैरे नाही, आमच्याशी नीट बोलतोय. आई म्हणते थोडीशी आणून देऊ, सकाळी बघू.

सिस्टर_मंगळवारपेठ

सकाळपर्यंत थांबू नका. थोडी पाजून घरात ठेवायचा मार्गही काढू नका. आत्ता निघा. आयजीएम सरकारी दवाखाना जवळ आहे, गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

वाटेत एकटं बसवू नका, दोघं दोन बाजूला बसा. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली कापड द्या. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाणी पाजायचं नाही. गेल्या दोन दिवसांत कुठं पडलाय का, डोक्याला मार आहे का, ते आत्ताच बघून घ्या, डॉक्टरला सांगावं लागेल.

माहेरवाशीण_इचलकरंजी

रिक्षा आली. पडला होता परवा, जिन्यात. कानामागं खरचटलंय. कागद काय घेऊ?

सिस्टर_मंगळवारपेठ

आधार कार्ड आणि जुन्या गोळ्या असतील त्या पिशवीत टाका, बाकी शोधत बसू नका. आईला कॅज्युअल्टीत बोलू देऊ नका, ती दारूचं लपवेल. तुम्ही बोला. "रोज पितो, काल सकाळपासून बंद आहे, परवा जिन्यात डोक्यावर पडलाय." किती पितो ते विचारतील, खरा आकडा सांगा. सलाईन लावायला घेतलं तर बी-१ दिलं का विचारा. पोचल्यावर इथं लिहा, मी जागी आहे.